पायाला जमीन लागते का?

मी शिरड शहापूरची. औंढा नागनाथहून वसमतला जाताना लागणारं आमचं गाव बाहेरगावच्यांना मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ठाऊक असतं. घरी थोडी शेती, तीत हळद आणि सोयाबीन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला तेव्हा ऑपरेशनसाठी मुंबई गाठली आणि पुढची केमोही तिथेच घ्यायचं ठरलं. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम, सलाइन लागली की परत गाव. दर तीन आठवड्यांनी हेच.

केमो म्हटलं की लोक केसांचं आणि उलट्यांचं विचारतात. माझे केस थोडे विरळ झाले, पण गेले नाहीत. उलट्या गोळ्यांनी आटोक्यात राहिल्या. त्यामुळे भेटायला येणारी मंडळी "तुम्हाला काही त्रासच नाही बघा" म्हणून समाधानाने परत जायची. त्रास होता तो बोटांत आणि तळपायांत, आणि तो कुणाला दिसत नव्हता.

मला मिळत होतं ते औषध ऑक्झालिप्लाटिन. प्लॅटिनम धातूच्या संयुगापासून तयार केलेलं. पहिल्या सलाइनच्या वेळीच नर्सबाईंनी बजावलं होतं, की काही दिवस गार पाणी प्यायचं नाही, फ्रिजमध्ये हात घालायचा नाही, थंड फरशीवर अनवाणी चालायचं नाही. मुंबईच्या दमट हवेत या सूचनेचा अर्थ नीट कळला नाही. गावी आले तेव्हा थंडीचे दिवस होते. पहाटे दाराची लोखंडी कडी काढायला हात लावला आणि बोटांतून करंट गेला. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या स्टीलच्या तांब्याला तर हातच लावता येईना. गार पाण्याचा एक घोट घेतला तर घशात काटे उभे राहिले, श्वास अडकतोय असं वाटलं. हे दोन-चार दिवसांनी ओसरायचं, आणि पुढची सलाइन लागली की पुन्हा सुरू व्हायचं.

पण हळूहळू दुसरं एक दुखणं आत येऊन बसलं, जे ओसरत नव्हतं. बोटांच्या टोकांना सतत मुंग्या. तळपायाखाली कापडाचा जाड थर असल्याची भावना. खडू धरला तर तो बोटांत आहे की नाही ते बघून खात्री करावी लागे. मंगळसूत्राचा हूक, साडीची पिन, ब्लाऊजचे हूक ही सगळी कामं धाकट्या जावेकडे गेली. रात्री पायांची आग व्हायची. पांघरुणाचा स्पर्शही नको वाटायचा. आणि गंमत वाटावी असा विरोधाभास त्यात होता: एकाच पावलाला एकीकडे काही कळत नव्हतं आणि दुसरीकडे ते भगभगत होतं. डॉक्टरांनी पुढे समजावलं, की ही औषधं संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा करतात, आणि सर्वांत लांबचे तंतू आधी सापडतात. म्हणून सुरुवात पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून होते आणि मोजे-हातमोजे घातल्यासारखं ते वर सरकतं.

डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "काही त्रास?" मी म्हणायची, "ठीक आहे." समोर रांग केवढी असायची. आणि मनात एक भीती होती, जी मला नंतर बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकू आली: त्रास सांगितला तर औषध कमी करतील, आणि औषध कमी केलं तर आजार परत येईल. सोसलं की बरं होतं, असा हिशेब आम्ही बायांनी लहानपणापासून शिकलेला असतो.

अशाच एका खेपेला, रक्ताचा रिपोर्ट यायची वाट बघत बाकावर बसले असताना, एक तरुण मुलगी कागदांचं पॅड घेऊन आली. म्हणाली, "ताई, मी तुमच्या उपचारातली नाही. केमोनंतर हातापायांच्या नसांना होणाऱ्या त्रासाची एक प्रश्नावली आहे, तिचं मराठी रूप लोकांना नीट कळतं का ते आम्ही तपासतोय. तुम्ही उत्तरं द्याल? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." संमतीचा कागद मराठीत होता. तो मी पूर्ण वाचला, सही केली. सही वाकडी आली, हेही तिने पाहिलं असणार.

प्रश्नावली युरोपातली. कर्करोगावर संशोधन करणारी एक युरोपीय संस्था ब्रसेल्समध्ये आहे, इओआरटीसी नावाची. रुग्णाच्या जगण्यावर आजाराचा आणि उपचाराचा काय परिणाम होतो हे रुग्णालाच विचारून मोजायच्या तिच्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात. नसांच्या त्रासाची ही प्रश्नावली २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २० प्रश्न आहेत: ९ संवेदनेचे, ८ हातापायांच्या ताकदीचे आणि हालचालीचे, ३ चक्कर, धूसर दिसणं अशा गोष्टींचे. प्रत्येकाला चार उत्तरं, अजिबात नाही पासून खूप जास्त पर्यंत, आणि सगळं मागच्या आठवड्यापुरतं.

भाषांतराचीही शिस्त ठरलेली आहे, ती तिने मला थोडक्यात सांगितली. दोघांनी एकमेकांना न विचारता इंग्रजीतून मराठी करायचं. दोन्ही समोर ठेवून एक करायचं. मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसांनी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करायचं आणि ते मुळाशी ताडून बघायचं. त्यानंतर साधारण दहा-पंधरा रुग्णांना विचारायचं: प्रश्न कळला का, कुठे अडखळलात, कुठला शब्द खटकला, तुम्ही तो कसा विचारला असता. मी त्या शेवटच्या टप्प्यातली एक होते. माझ्यासारखीला, जिचं आयुष्य प्रश्न विचारण्यात गेलं, कुणीतरी प्रश्नाबद्दलच मत विचारत होतं. मला ते फार आवडलं.

हे काम महाराष्ट्रात नवं नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये याच युरोपीय संस्थेची डोक्या-मानेच्या कर्करोगाची प्रश्नावली आपल्याकडच्या रुग्णांवर तपासून त्यावरचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मागच्या जनगणनेत, २०११ साली, मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या लोकांना स्वतःच्या दुखण्याचं माप परक्या भाषेत द्यायला लावणं योग्य नाही, हे कुणालाही पटेल. पण मराठीत कागद छापला की काम झालं, असंही नाही. ते मला त्या दिवशी शेजारी बसलेल्या आजींमुळे समजलं.

आजी वाशीमकडच्या. गर्भाशयाच्या बाजूच्या गाठीसाठी त्यांना पॅक्लिटॅक्सेल चालू होतं, तेही नसांना त्रास देणारं औषध. वाचता येत नव्हतं, सोबत आलेला नातू औषधाच्या रांगेत होता. त्यांनी त्या मुलीला सांगितलं, "ही बाई संगं बसू दे, मंग सांगते." मुलीने मला बसू दिलं, पण एका अटीवर. म्हणाली, "ताई, तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. अर्थसुद्धा सांगायचा नाही." शाळेत मुलाला उत्तर आठवेना की त्याच्या ओठांवर पहिलं अक्षर आणून द्यायची माझी सवय. पुढचा अर्धा तास मी हात मांडीवर बांधून बसले.

मुलगी एकाच सुरात, सावकाश वाचत होती. हाताच्या बोटांना मुंग्या येतात का? आजी लगेच म्हणाल्या, "येतात की. लई." पायाच्या बोटांना? "तिथं बी." पुढचा प्रश्न बधिरतेचा होता. कच्च्या मसुद्यात शब्द होता 'बधिरता'. आजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाई बा. कान चांगले हायेत माझे."

मुलीने 'अजिबात नाही'वर खूण केली. मला आतून ढवळून आलं. आजींची पावलं माझ्या पावलांशेजारी होती, एका अंगठ्याला मळकी पट्टी बांधलेली होती. पण ती मुलगी बरोबर वागत होती. तिला आजींचं खरं उत्तर काढून घ्यायचं नव्हतं, प्रश्न कुठे मोडतो ते शोधायचं होतं. मी तिथे "आजी, बधीर म्हणजे पाय मेल्यागत" असं सांगितलं असतं तर तो प्रश्न सुधारलाच नसता, आणि उद्या हिंगोली-वाशीमकडच्या ज्या बाईशेजारी कुणी मास्तरीण बसलेली नसेल तिच्या उत्तरात पुन्हा शून्य पडलं असतं.

पूर्ण प्रश्नावली संपल्यावर मुलगी पुन्हा पहिल्यापासून एकेका प्रश्नाला आली. आता ती मोकळेपणाने विचारत होती: हा प्रश्न तुम्हाला काय वाटला? आजी आता रंगात आल्या होत्या. "पायाचं म्हणती का? मंग असं विचार ना बाई, की चप्पल पायात हाय का नाई ते कळतं का. परवा येष्टीत चढले अन् एक चप्पल खालीच राह्यली. मला पत्ताच नाई. नातू म्हनला, आजी, तुझा एक पाय मोकळा." अंगठ्याला काय झालं, तर तुरीच्या रानात धसकट लागलं होतं. ते दुखलं म्हणून नाही, घरात रक्ताचे ठिपके उमटले म्हणून कळलं.

मुलीने ते सगळं शब्द न बदलता लिहून घेतलं. चप्पल निसटल्याचं न कळणं ही कुठल्याही डॉक्टरला पुरेशी खूण आहे. कुष्ठरोगाच्या आणि मधुमेहाच्या दवाखान्यांत ती जुन्या लोकांना पाठ असते. 'बधिरता'च्या जागी 'स्पर्श न कळणं, बधीर होणं' असं काही सुचवलं जाईल, असं ती म्हणाली. ठरवणार मात्र ती नव्हती. अशी प्रत्येक सूचना वर कळवावी लागते, आणि मूळ प्रश्नाचा आशय बदलत नाही याची खात्री झाल्यावरच शब्द बदलतो. नाहीतर हिंगोलीचे आकडे आणि हॉलंडचे आकडे एका तक्त्यात मांडता येणार नाहीत.

बाकीचे प्रश्न असे एकेक करून आमच्या जगण्यावर घासले गेले. पेन धरून लिहायला त्रास होतो का? माझ्यासाठी तो प्रश्न थेट काळजात लागणारा होता. हजेरीपटावरची माझीच अक्षरं मला ओळखू येत नव्हती. आजी म्हणाल्या, "लिहितंच कोन?" आणि हसल्या. मग त्यांचं उत्तर काय समजायचं? त्रास नाही असं, की लागू नाही असं? लहान बटणं लावायला त्रास होतो का, यावर त्यांनी ब्लाऊजच्या हुकांचं सांगितलं. बरणीचं झाकण उघडता येतं का, यावर तेलाच्या कॅनचं. थंड आणि गरम पाण्यातला फरक हाताला कळतो का, हा प्रश्न मात्र दोघींनाही सारखाच लागू पडला. चुलीवरचं आंघोळीचं पाणी आजी आता कोपर घालून बघत होत्या. मीही तेच करत होते. आम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं.

मोटार चालवताना पायाखालचे पेडल दाबायला त्रास होतो का, असाही एक प्रश्न आहे, गाडी चालवणाऱ्यांपुरता. पलीकडच्या बाकावर ऐकत बसलेल्या एका दादांनी विचारलं, "ट्रॅक्टर धरलं तर चालंल का? क्लच दाबला का नाई ते खाली बघावं लागतंय." तेही टिपलं गेलं. खुर्चीतून उठायला त्रास होतो का, या प्रश्नावर आजींचं म्हणणं होतं की खुर्चीतून उठायला काय, जमिनीवरून उठायचं विचार. शेवटचा एक प्रश्न पुरुषांसाठी आहे, लैंगिक त्रासाचा. तो तिने आम्हाला वाचून दाखवला नाही. गावाकडच्या न वाचणाऱ्या पुरुषाला तो कोण आणि कसा विचारणार, ही अडचण आहे, आणि कुणीतरी ती सोडवायला हवी.

मला स्वतःला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो जमिनीच्या प्रश्नाने. पावलांखालची जमीन नीट जाणवत नाही म्हणून उभं राहायला किंवा चालायला त्रास होतो का? मी 'बराच' सांगितलं, आणि मग तिला औंढ्याचं सांगितलं. नागनाथाच्या देवळातलं गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद वाट, उंच पायऱ्या, ओलसर दगड, अंधुक उजेड, आणि पाय अनवाणी. लहानपणापासून श्रावणात तिथे उतरत आले आहे. केमोच्या मध्यावर गेले तेव्हा पहिल्याच पायरीवर थांबले. पाऊल दगडावर टेकलं आहे की अजून हवेत आहे, हे मला कळत नव्हतं. मागे रांग होती. नवऱ्याने खालून माझा घोटा धरून एकेक पायरीवर पाऊल ठेवलं, तशी मी उतरले. प्रश्नावली पायऱ्या चढण्याचं विचारते. उतरणं चढण्याहून अवघड असतं, आणि अंधारात तर फारच, कारण पायाला कळत नाही ते डोळे सांभाळून घेत असतात. हे मी तिला म्हटलं आणि तिने लिहून घेतलं.

आणखी एक उणीव मी सांगितली. ऑक्झालिप्लाटिनवाल्यांना गार स्पर्शाने जो झटका बसतो, त्याबद्दल त्या वीस प्रश्नांत प्रश्नच नाही. मज्जातंतूंची वेदना ओळखायची दुसरी एक फ्रेंच चाचणी आहे, डीएन-फोर नावाची, २००५ मधलीच. सात गोष्टी विचारायच्या, तीन तपासायच्या, दहांपैकी चार जुळल्या तर दुखणं नसांचं समजायचं. तिच्यात वेदनादायक गारव्याचा उल्लेख आहे. पण ती दुखण्याचा प्रकार ओळखण्यासाठी आहे. केमोमुळे रोजच्या जगण्याचं किती नुकसान झालं हे मोजायचं काम ती करत नाही. म्हणजे एका कागदावर भागत नाही.

पुढच्या खेपेला तीच मुलगी पुन्हा भेटली. मराठी रूप पक्कं झालं की पुढे मोठ्या संख्येने रुग्णांना विचारायचं असतं, आणि त्यांतल्या काहींना थोड्या दिवसांनी तेच प्रश्न परत विचारतात, असं ती सांगत होती. मी म्हटलं, "एकदा सांगितल्यावर विश्वास नाही का?" पण विचार केल्यावर ते पटलं. वसमतच्या मोंढ्यात हळदीचं एकच पोतं काट्यावर दोनदा ठेवलं आणि वजन दोन प्रकारचं आलं, तर शेतकरी पोत्याला नाही, काट्याला बोल लावतो. मधल्या काळात माझ्या पायांत फरक पडला नसेल तर उत्तरातही पडता कामा नये. शिवाय हेही बघतात, की जास्त केमो झालेल्यांचे गुण कमी झालेल्यांपेक्षा खरोखर जास्त येतात का, आणि संवेदनेचे नऊ प्रश्न एकमेकांशी सुसंगत उत्तरं देतात का. डॉक्टरांच्या तपासणीशीही ते ताडून बघता येतं. माझ्या अंगठ्याच्या हाडावर त्यांनी ठोकलेला ट्यूनिंग फोर्क टेकवला होता. "थरथर थांबली की सांगा." मी विचारलं, "सुरू कधी होणार?" ती केव्हाच सुरू झाली होती.

आकड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणाला वाटेल. मला त्याचं उत्तर माझ्याच आजाराच्या इतिहासात सापडलं. आतड्याच्या कर्करोगात ऑपरेशननंतर ऑक्झालिप्लाटिनचा कोर्स सहा महिने द्यायची पद्धत होती. सहा मोठ्या चाचण्यांमधल्या १२,८०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून तीन महिने आणि सहा महिने यांची तुलना झाली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कमी धोक्याच्या रुग्णांत, विशेषतः सलाइन आणि गोळ्यांच्या जोडीने उपचार घेणाऱ्यांत, तीन महिन्यांनी जवळपास तेवढंच भागतं असं दिसलं. आणि नसांचा मध्यम ते तीव्र त्रास सुमारे ४५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आला. हा त्रास कुणी मोजलाच नसता तर कोर्स कमी करण्याला कारणच राहिलं नसतं. आज कितीतरी लोकांच्या पावलांखाली जमीन शाबूत आहे ती या मोजणीमुळे. केमोने नसांना होणारा त्रास किती जणांना होतो याचा जगभरचा आढावा २०१४ मध्ये निघाला होता. त्यात केमो संपल्यानंतर पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के आणि सहा महिन्यांनंतरही ३० टक्के लोकांना तो होता.

हे आकडे आमच्यासारख्यांना धरून आहेत का, ही माझी खरी काळजी आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, वाचता-लिहिता येणाऱ्या, बूट घालून फरशीवर चालणाऱ्या माणसांना विचारून मराठी प्रश्नावली प्रमाण ठरली, तर ती पुण्याच्या मराठीची होईल. आमच्याकडे "दुखायलंय" म्हणतात, "पाय भगभग करायलेत" म्हणतात. मागचा आठवडा आमच्या बायका मागच्या बाजारापासून मोजतात. 'थोडा' हा शब्द तर त्या प्रत्येक दुखण्याला लावतात, मग ते केवढंही असो. न वाचणाऱ्या बाईला प्रश्न वाचून दाखवायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला गप्प राहायचं शिक्षण द्यावं लागतं. हे खर्चिक आहे आणि वेळखाऊ आहे. तरी ते झालंच पाहिजे, कारण अनवाणी चालणारी, चुलीशी बसणारी, हळद काढणारी बाईच या त्रासात सर्वांत जास्त धोक्यात असते. आणि आधी वगळली जाते तीही तीच.

त्या मुलीने जाताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. "ताई, हा कागद तुमच्या डॉक्टरांच्या फायलीत जाणार नाही. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांना सांगा." मी आत गेले आणि पहिल्यांदा सगळं ओळीने सांगितलं: खडू, हूक, रात्रीची आग, औंढ्याची पायरी. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, पाय तपासले आणि उरलेल्या फेऱ्यांतून ऑक्झालिप्लाटिन काढून टाकलं. केमोच्या गोळ्या चालू ठेवल्या. मी ज्याला घाबरत होते ते बोलणं एवढंच होतं. केमोने नसांना होणाऱ्या वेदनेवर परिणामकारक ठरलेलं म्हणून अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये एकाच औषधाची शिफारस केली आणि २०२० मध्ये ती कायम ठेवली: ड्युलोक्सेटिन. ते मला रात्रीच्या आगीसाठी दिलं. आग कमी झाली. बधीरपणा त्याने जात नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवायला हवी, म्हणजे कुणी धास्तावणार नाही. प्लॅटिनमची औषधं थांबवल्यावर त्रास लगेच उतरत नाही, काही आठवडे-महिने उलट वाढतो. माझाही वाढला. मग हळूहळू हात सुधारले. पाय अजून पूर्ण आलेले नाहीत. खडू आता धरता येतो.

आमच्या भागातल्या केमो घेणाऱ्यांना, आणि विशेषकरून त्यांना सांभाळणाऱ्या मुली-सुनांना माझं सांगणं आहे. पुढच्या सलाइनच्या आधी, डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता, त्यांना सांगा: मुंग्या येतात का, चप्पल निसटलेली कळते का, हूक लागतात का, गरम पाणी हाताला कळतं का. रोज रात्री उजेडात दोन्ही तळपाय बघा, बघता येत नसतील तर दुसऱ्याला बघायला सांगा. रानात आणि चुलीपाशी पायात काहीतरी घाला. आंघोळीचं पाणी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाताने तपासून घ्या. आणि रुग्णालयात कुणी कागद घेऊन प्रश्न विचारायला आलं, तर वेळ नाही म्हणू नका. कळला नाही तो प्रश्न "कळला नाही" म्हणूनच सांगा.